आमची वाटचाल: चित्रं विकतो, त्यातले दहा टक्के परळच्या स्वयंपाकघराला

आमचा स्टुडिओ म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली आणि वर पोटमाळा. खाली मी चित्रं काढते, माळ्यावर माझा धाकटा भाऊ प्रिंट, फ्रेमिंग आणि कुरियरचं सगळं बघतो. 2016 ला सुरू केलं, वॉटरकलर आणि लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेले छाप), विषय आपल्या आजूबाजूचेच, गिरणीच्या चिमण्या, चाळीचे कठडे, लालबागच्या मिरची गल्लीतले मिरच्यांचे ढीग. काळा घोडा, दादर-पार्ल्याची प्रदर्शनं करत करत गाडी रुळावर आली, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

वेगळं सुरू झालं ते 2020 मध्ये. कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिथे विदर्भ, बिहार, बंगाल कुठून कुठून पेशंट येतात, काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते पण सगळ्यांना कुठून मिळणार, बरेच जण फुटपाथवरच पथारी टाकतात. मार्चमध्ये लोकल बंद, लांबच्या गाड्या बंद, खानावळी बंद, ही माणसं इथेच अडकली. मागच्या गल्लीतल्या एक मावशी घरच्या शेगडीवर खिचडी करून डबे भरून न्यायच्या. भाऊ म्हणाला ताई, आपली प्रदर्शनं तर बंदच आहेत, चिमण्यांच्या चित्रांची ऑर्डर ऑनलाइन घेऊ, कुरियर सुरू झालं की पाठवू, आणि आलेल्या पैशातले दहा टक्के आजच मावशींना देऊ. लोकांनी खरंच आगाऊ पैसे भरून ऑर्डर दिल्या.

तेव्हापासून दहा टक्के कायम आहेत, आणि ते विक्रीच्या किमतीवर, नफ्यावर नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्यासारख्या छोट्या धंद्यात नफा किती हे आपणच ठरवतो, कागद महागला, रंग आणले, स्टॉलचं भाडं भरलं की महिन्याचा नफा शून्यही दाखवता येतो, मग ज्याच्या नावाने चित्र विकलं त्याच्या पानात काय पडणार? म्हणून 900 रुपयांचं प्रिंट गेलं की 90 रुपये त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातात, बिलावरही तसं छापलेलं असतं. दुकानात ठेवलेल्या मालावर दुकानदाराचं कमिशन कापून आमच्या हातात कमी येतं, तरी दहा टक्के छापील किमतीवरच.

मावशींच्या ग्रुपचा आता रीतसर ट्रस्ट झालाय, त्यांच्याकडे 80 जी, म्हणजे देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळण्यासाठी लागणारी नोंदणी आहे. ज्यांना स्वतः द्यायचंय त्यांना मी आवर्जून सांगते, पोतंभर तांदूळ दिलात तर त्याची टॅक्समध्ये सूट मिळत नाही, पैसे दिले तरच मिळू शकते आणि तेही रोख 2000 च्या वर नको, ऑनलाइन किंवा चेकने द्या. शिवाय तांदूळ सगळेच देतात. मावशींच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा, कोपऱ्यात पोत्यांची थप्पी असते आणि अडतं ते 19 किलोच्या सिलेंडरवर, तेलावर, मुगाच्या डाळीवर. मूगच का, तर केमोने तोंड सोलवटलेलं असतं, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं, मग मऊ भात, बिनतिखटाचं वरण, थोडं तूप एवढंच घशाखाली जातं. नातेवाईकांसाठी वेगळी भाजी-चपाती असते, कारण दिवसभर रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला मऊ भात पुरत नाही. आम्ही काय आणायचं ते ठरवत नाही, मावशी यादी देतात आणि त्यावर पैसे जातात.

अजून एक, पितृपक्षात आणि सणासुदीला अन्नदानासाठी लोक रांग लावतात, जून-जुलैमध्ये मात्र कोणी फिरकत नाही, पण केमोची तारीख काय पाऊस बघून येते का? आमची मोठी विक्री दिवाळीत आणि डिसेंबरमध्ये कॅलेंडरची, त्यामुळे तेव्हाचे पैसे एकदम न देता राखून ठेवतो आणि पावसाळ्यात दर महिन्याला जास्त देतो. हे मावशींनीच सुचवलं.

बरेच जण म्हणतात त्या पेशंटची, फुटपाथवरच्या मुलांची चित्रं काढा, लगेच विकली जातील. जातील, माहितीये. पण मी काढत नाही. आजारी माणसाने आपला चेहरा कोणाच्या हॉलमध्ये टांगायला दिलेला नसतो, आणि त्याचं दुःख विकून त्यालाच जेवण घालायचं हे मला पटत नाही. एका कंपनीने दिवाळी गिफ्टची मोठी ऑर्डर याच अटीवर देऊ केली होती, आम्ही नाही म्हटलं. नंतर त्यांनीच मिरची गल्लीची प्रिंट घेतली आणि त्यातले दहा टक्के नेहमीसारखे खात्यात जमा झाले, त्यातून यंदाच्या जुलैचे सिलेंडर आले.