पिवळ्याचं लाल

जेवताना सदऱ्यावर आमटी सांडते. डाग पिवळा, चारचौघांत खपून जाण्यासारखा. मग कुणीतरी घाईघाईने साबणाची वडी घासतं आणि तो एकदम लालभडक होतो. घरोघरी हे होतं, तरी दर वेळी दचकायला होतंच.

नाव साबणाचं होतं, पण सूत्रं पाण्याच्या हाती. कोरडी हळद आणि कोरडा धुण्याचा सोडा वाटीत कालवून पाहा. पिवळं ते पिवळंच. आता एक थेंब पाणी टाका. थेंब पडला तेवढाच ठिपका लाल. सोड्यातलं कार्बोनेट पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, ओढून घेतं, मागे हायड्रॉक्साइड उरतं आणि ते हळदीतल्या कर्क्युमिनचा, म्हणजे तिच्या पिवळ्या रंगद्रव्याचा, प्रोटॉन पळवतं. तो गेला की पिवळ्याचं लाल. बेकिंग पावडरच्या डब्यात आम्ल आणि सोडा महिनोन्‌महिने शेजारी नांदतात ते याच कोरडेपणाच्या भरवशावर. ओला चमचा घातलात की डबा गेला.

पाणी स्वतः मात्र भलतंच अलिप्त. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एखादाच फुटलेला असतो; म्हणून त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७; त्याखाली आम्ल, वर अल्कली. ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आखली, म्हणजे बिअरवाल्यांच्या घरी! पट्टीवर एक घर सरकलं की फरक दहापट. खाण्याच्या सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास, म्हणून हळद जेमतेम नारिंगी होते. चुन्याची निवळी १२.४. मुक्या मारावरचा हळद-चुन्याचा लेप इतका लाल का, ते यात आलं. (चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात जास्त विरघळतो. विक्षिप्तच.)

हळदीचा कागद करायचा तर चमचाभर हळद चार चमचे स्पिरिटमध्ये घोळा, गाळ बसू द्या आणि वरच्या निवळीत टिपकागद बुडवून वाळवा. पाण्यात हा खटाटोप फसतो, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना. या कागदाला आम्ल मात्र ओळखता येत नाही. लिंबू काय, शुद्ध पाणी काय, दोन्ही त्याला पिवळीच. आधी साबणाच्या पाण्याने लाल करून घ्या, मग लिंबू पिळा. लाली उतरते.

कुंकवाची गोष्ट निराळी. जुन्या रीतीत हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार (बोरॅक्स) घालून भिजवतात. एवढं लिंबू असून लाल कसं? तिथे टाकणखारातलं बोरॉन आम्लाच्या साक्षीने कर्क्युमिनला धरून ठेवतं, आणि ती लाली लिंबाला बधत नाही.

सदऱ्याचं म्हणाल तर भरपूर पाण्यात खळबळून काढा. डाग पुन्हा पिवळा होईल. मग ओलाच कडक उन्हात टाका. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. आमटीतलं तेल राहील, त्याला हळद काय करणार.