एक पान उलटताना

पत्त्यांच्या कॅटमधले सर्वांत वरचे पान उलटून दाखवणे ही अतिशय साधी कृती आहे, आणि ती तितक्याच साधेपणाने करता यावी यासाठी मी शाळेतल्या अखेरच्या वर्षांतल्या कितीतरी मधल्या सुट्ट्या दिल्या. आमचे विज्ञानाचे सर हातचलाखीचे प्रयोग करीत आणि छंदवर्गात ते आवडीने शिकवीत. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु सरांना मोघम बोलणे आवडत नसे, म्हणून मी त्यांनी शिकवलेल्या एका प्रयोगाविषयीच लिहितो.

प्रेक्षकाने निवडलेल्या पानावर त्याची सही घ्यायची, ते पान सर्वांसमक्ष कॅटच्या मधोमध सारायचे आणि दुसऱ्याच क्षणी ते सर्वांत वर आलेले दाखवायचे. पुन्हा मध्ये घालायचे, पुन्हा वर आणायचे. जादूगारांमध्ये हा प्रयोग ‘अँबिशस कार्ड’, म्हणजे महत्त्वाकांक्षी पान, या नावाने ओळखला जातो. त्याचा आधार असलेल्या ‘डबल लिफ्ट’चे वर्णन नवशिक्यांसाठीच्या बहुतेक पुस्तकांत असते, त्यामुळे ते इथे सांगण्यात कोणाचा विश्वासभंग होत नाही. वरची दोन पाने एकत्र उचलून ती एकच असल्यासारखी उलटली जातात. प्रेक्षकाला दिसते ते प्रत्यक्षात दुसरे पान, म्हणजे त्याचे स्वतःचे पान, असते. जोडी पुन्हा पालथी केल्यावर वरचे जे एक पान मध्ये जाते ते भलतेच असते आणि सहीचे पान वरच राहते.

एवढे समजायला काही मिनिटे पुरतात. सरांनी मात्र आम्हांला ते बराच काळ सांगितलेच नाही. त्यांनी आधी खरोखरचे एकच पान उलटायला लावले आणि स्वतःच्या हाताचे निरीक्षण करायला सांगितले: अंगठा कुठे टेकतो, कोणते बोट पानाच्या कडेला प्रथम लागते, कॅट धरलेला डावा हात किती हलतो, नजर कुठे असते. ज्याला खरी कृती नेमकी कशी होते हे ठाऊक नाही, त्याला तिची नक्कल कशी करता येईल, असा त्यांचा सरळ प्रश्न असे. आजही मला हा या कलेतला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, आणि शिकवणारे बहुतेक जण तो वगळतात याचे वाईट वाटते.

बावन्न पानांचा कॅट साधारण दीड सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे एका पानाची जाडी जेमतेम 0.3 मिलिमीटर भरते. पान एक आहे की दोन, हे सहसा कोणाच्याही डोळ्यांना कळत नाही. कळतो तो हाताचा अतिसावधपणा. नवशिका दोन पाने सरकतील या भीतीने ती घट्ट चिमटीत धरतो, आणि एक पान कोणी असे धरत नाही. म्हणून सर करंगळीवर फार भर देत. करंगळीच्या टोकाच्या मांसल भागाने वरच्या दोन पानांखाली बारीकशी फट आधीच राखून ठेवली, की उलटण्याच्या वेळी उजव्या हाताला काही शोधावे लागत नाही. पानांना लांबीच्या दिशेने किंचित बाक दिला तर ती एकमेकांना धरून राहतात. ही फट केव्हा घ्यायची, हाही शिकण्याचाच भाग होता. जादूगार ज्याच्याकडे पाहतो त्याच्याकडे प्रेक्षक पाहतो. मान वर करून प्रेक्षकाला आपुलकीने काही विचारले की त्याची नजर आपल्या चेहऱ्यावर येते, आणि करंगळीला तेवढा अवधी पुरतो.

हाताचा वेग नजरेला फसवतो असा सर्वसाधारण समज आहे. सर तो खोडून काढताना प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनीची हकिकत सांगत. कोणताही प्रयोग तीनदा दाखवा, मी त्याचे रहस्य ओळखीन, असे हुडिनीचे म्हणणे होते. 1922 साली शिकागोत डाय व्हर्नन या तरुण जादूगाराने त्याला, त्याचीच आद्याक्षरे लिहिलेल्या पानावर, हाच प्रयोग पुन्हापुन्हा दाखवला आणि हुडिनीला तो उलगडला नाही. व्हर्ननने पुढे आयुष्यभर हालचालींतल्या स्वाभाविकतेचाच आग्रह धरला. पुढे मी अर्जेंटिनाच्या रेने लावांदचे चित्रित प्रयोग पाहिले. लहानपणीच्या अपघातात उजवा हात गमावलेला हा कलावंत केवळ डाव्या हाताने, आणि तेही अतिशय संथपणे, पाने खेळवीत असे. ते पाहताना सरांचे म्हणणे मला पुरते पटले.

शेवटची खेप प्रेक्षकाच्या तळहातावर व्हावी, असे सर म्हणत. एक पान पालथे त्याच्या हाती द्यायचे, दुसरा हात त्यावर झाकायला सांगायचा, आणि स्वतः दूर राहून ते त्यालाच उलटू द्यायचे. सहीचे ते पान परत मागायचे नाही, ते त्याचे झाले, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे छंदवर्गातल्या कॅटमध्ये पूर्ण बावन्न पाने क्वचितच असत आणि आम्ही त्याच अपुऱ्या कॅटवर सराव करीत असू.