तीनशे पंचवीस

कोलोनला राहायला आल्यानंतर पहिल्या रविवारी घराजवळच्या चर्चमध्ये गेलो, तेव्हा मला ‘धन्यवाद’ आणि ‘माफ करा’ एवढेच जर्मन येत होते आणि तेवढ्या भांडवलावर तासाभराची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची रविवारची उपासना, निभावून नेता येईल, असा माझा समज होता. तो अगदीच खोटा ठरला नाही. मिस्सेचा क्रम तोच असल्यामुळे कधी उठायचे आणि कधी गुडघे टेकायचे, हे वसईत लहानपणीच अंगवळणी पडले होते. आमेन आणि हालेलुया तर तिथे जसे, तसेच इथेही. शांतीच्या अभिवादनाला मात्र आपल्याकडे हात जोडतात आणि इथे शेजारी हात पुढे करतो, त्यामुळे पहिल्या दिवशी माझे जोडलेले हात एका आजीबाईंनी तसेच दोन्ही हातांत धरून हलवले.

खरी फजिती गीतांची. एरवी भिंतीवरच्या फलकावर क्रमांक दिसतो. पण एकदा फलक बंद होता आणि फादरांनी क्रमांक तोंडी सांगितला. पंचविसाला जर्मन माणूस ‘पाच आणि वीस’ म्हणतो, म्हणजे एकक आधी आणि दशक मागाहून, थेट मराठीच्या चालीने. परकी भाषा म्हणजे इंग्रजीच, ही शाळेतली सवय नडली आणि मी ३२५ ऐवजी ३५२ उघडून बसलो. शेजारच्या त्याच आजीबाईंनी काही न बोलता माझ्या पुस्तकाची पाने मागे उलटून दिली. प्रवचनात तर मी लोक हसले की हसतो, अर्ध्या क्षणाने उशिरा.

अशा वेळी माझी आजी आठवते. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिली, त्याआधी तिचे अर्धे आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकण्यात गेले होते. घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलणाऱ्या त्या बाईला फादर वेदीकडे तोंड करून काय म्हणतात, यातले अवाक्षरही कळत नसे. ती आपली रोझरीचे मणी ओढत राही आणि घंटी वाजली की मान लववी. कळत नसताना तिथे बसून काय करायचीस, असे मी विचारले होते, तेव्हा मला ते अडाणीपणाचे वाटले होते. आता इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मीही घंटीचीच वाट पाहतो.

‘आमच्या बापा’ ही प्रार्थना मात्र मी मराठीतच म्हणतो, अगदी ओठांतल्या ओठांत. भोवतालची मंडळी ‘ब्रोट’ हा एका अक्षराचा घास घेऊन पुढे सरकतात आणि मी ‘रोजची भाकर’ मागेपर्यंत त्यांचे पुढच्या ओळीतले क्षमा मागणेही झालेले असते.