फरच्या शेतात छाटणी चालू असताना

नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅश काउंटीत लोक जातात ते नोव्हेंबर-डिसेंबरात, नाताळचं झाड गाडीच्या टपावर बांधून आणायला. शार्लटहून दोनेक तासांचा रस्ता. इथली बरीच मराठी घरंही मुलांच्या हट्टापायी जातात. मी मात्र ज्याला त्याला सांगते, एकदा जुलैच्या शेवटी जा.

आम्ही गेलो होतो ते खरं तर उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी. ब्लू रिज पार्कवे झाला, वेस्ट जेफरसनचा चीजचा कारखाना झाला, न्यू रिव्हरमध्ये मुलं ट्यूबवर बसून तरंगली, सगळं छान झालं. पण आमची केबिन एका फरच्या, म्हणजे नाताळच्या झाडांच्या, शेताला लागून होती, आणि तिथे सकाळी उठल्यापासून एकच आवाज यायचा. सप्प, सप्प, सप्प.

उतारावर ओळीने माणसं चालली होती. प्रत्येकाच्या हातात लांबलचक पातळ पातं आणि नडगीला जाडजूड संरक्षक पट्टा, कारण पातं वरून खाली येतं आणि हात चुकला तर थेट पायावर. आधी कात्रीने शेंडा मारायचा. दोन शेंडे फुटले असतील तर एकच ठेवायचा, तोही साधारण फूटभर. मग झाडाभोवती फिरत वरून खाली वार. बघता बघता विस्कटलेल्या झाडाचा शंकू झालेला असतो, आणि माणूस पुढच्या झाडाशी पोचलेला असतो.

कुंपणाशी उभी राहून मी इतका वेळ बघत होते की त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी हात करून आत बोलावलं. मेक्सिकोहून येणारे, हंगामी शेतमजुरांच्या व्हिसावर. इंग्रजी मोजकंच. त्यांनी नुकतीच छाटलेली फांदी बोटांत धरून काप दाखवला. त्याच्या खाली बारीक बारीक डोळे होते. पुढच्या वर्षी तिथूनच फांद्या फुटणार आणि झाड भरणार. मग एक सुई, म्हणजे या झाडाचं पान, उलटी करून दाखवली. फ्रेझर फर या इथल्या जातीच्या सुईला खालून दोन रुपेरी रेघा असतात. त्यांची बोटं राळेने काळी झाली होती, आणि हातभर अंतरावरूनही तिचा वास येत होता.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नाताळच्या कार्डावर दिसतो तो दाट, रेखीव आकार या झाडाला आपसूक येत नाही. वाफ्यातलं रोप शेतात येतं तेच मुळी चार-पाच वर्षांचं होऊन. मग सहा-सात फूट व्हायला आणखी सात ते दहा वर्षं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात कुणीतरी त्याच्याभोवती असं फिरलेलं असतं. जूनमध्ये फांद्यांवर उभे राहिलेले बियांचे कोवळे शंकूही हातानेच खुडायचे, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते.

शेताच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. केबिनची किल्ली द्यायला आल्या आणि पायरीवर तासभर बसल्या. माझं माहेर तासगावचं, द्राक्षाचं, म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मूळकूज येते का?" त्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं. तिथे फायटोफ्थोरा हा मुळं कुजवणारा रोगजंतू शिरला आणि फर वाळत गेले. एकदा तो जमिनीत बसला की त्या जागी फ्रेझर पुन्हा धरत नाही. म्हणून तिथे त्यांनी जपानच्या मोमी फरच्या खुंटावर फ्रेझरची कलमं लावली आहेत. खारं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची कलमं भरतात, हे मी सांगितलं, तर त्यांनी मला ती पट्टी चालत नेऊन दाखवली. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. इतकं अगत्य मला कुठल्याही हॉटेलात मिळालेलं नाही.

रानातल्या फ्रेझरची स्थिती तर फारच वाईट आहे. हे झाड मूळचं दक्षिण अ‍ॅपलेशियन पर्वतांच्या उंच शिखरांवरचं. युरोपातून आलेला एक मावावर्गीय कीटक १९५७ मध्ये माउंट मिचेलवर सापडला, आणि त्याने जुनी झाडं उभीच्या उभी वाळवली. ते करडे सांगाडे मी पाहिले आहेत. त्यामुळे शेतात ही झाडं इतकी हिरवीगार दिसली की मला फार बरं वाटतं.

आम्ही गेलो ते २०२४ चं वर्ष. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळाने या डोंगरांची दैना केली. रस्ते वाहून गेले, उतारच्या उतार झाडांसकट खाली आले. जवळच्या एव्हरी काउंटीतल्या न्यूलँडच्या ज्या शेतातून त्या वर्षी व्हाइट हाउसचं झाड गेलं, त्या शेताचीही हजारो झाडं गेली. आमच्या मालकीणबाईंचा पूल गेला, शेत वाचलं.

थँक्सगिव्हिंगनंतर आम्ही झाड घ्यायला गेलो तेव्हा गर्दी बघून आनंदच झाला, कारण त्यांना गिऱ्हाइकांची गरज होती. पण तिथे जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. एका कुटुंबाने झाड पसंत केलं, कापून घेतलं, त्याच्यापुढे उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले, आणि मग म्हणाले, एका बाजूने जरा विरळ आहे, दुसरं बघतो. कापलेलं झाड चिखलात तसंच टाकून निघून गेले! जुलैत भेटलेले तेच गृहस्थ आले, त्यांनी ते खांद्यावर घेतलं, बुंध्याचा चिखल पुसला आणि जाळी गुंडाळणाऱ्या यंत्रातून काढून बाजूला उभं केलं. चेहऱ्यावर काही नाही. मला मात्र रडू आलं. आम्ही तेच झाड घेतलं, पूर्ण किमतीत. मालकीणबाई कमी करत होत्या, आम्ही ऐकलं नाही. इथे किंमत फुटावर असते, आणि जी सांगतील ती द्यावी असं माझं ठाम मत आहे. घासाघीस करायची तर कारच्या शोरूममध्ये करा.

ते गृहस्थ त्याच आठवड्यात घरी निघणार होते. शेवटचे ट्रक भरून झाले की सगळ्यांची बस. एप्रिलमध्ये लागवडीला परत. कापलेल्या बुंध्यांशेजारी नवी रोपं लावायची असतात. लागवड मी अजून पाहिलेली नाही, म्हणून विचारलं, येऊ का? मालकीणबाई म्हणाल्या, या, पण गमबूट घेऊन या, आणि रोपं लावायला बसावं लागेल.