पापणीतले किडे आणि आयपीएलची चार सिटिंग

डोळ्यांना खाज म्हणजे ॲलर्जी, असंच मी दोन वर्षं धरून चालले होते. सकाळी उठलं की पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात चिपाड, आणि पापणीच्या कडेला अशी खाज की चोळावं तितकी वाढायची. दुपारी जरा बरं, रात्री आडवं झालं की परत सुरू. वर्षात तीनदा रांजणवाडी आली, कधी या डोळ्याला कधी त्या. एका डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब दिले, दुसऱ्यांनी अँटिबायोटिक मलम, तिसऱ्यांनी स्टेरॉइडचे थेंब, आणि त्या स्टेरॉइडने आठवडाभर इतकं छान वाटलं की मी बरी झाले म्हणून सगळ्यांना सांगत सुटले, थेंब बंद केल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे.

चौथ्या मॅडमनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि म्हणाल्या, "आता खाली बघा. खालीच बघत रहा." आधीच्या तिघांनी "समोर बघा" म्हटलेलं. समोर बघताना वरच्या पापणीच्या केसांची मुळं नीट दिसतच नाहीत, एवढी साधी गोष्ट, आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. मॅडम जरा वेळ गप्प, मग नुसतं "हं". डॉक्टर हं म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो. स्क्रीनवर त्यांनी फोटो दाखवला, प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट पांढुरकी नळी, जशी काही केसाने कॉलर घातलीये. हाच तो "कोंडा" जो मी आरशासमोर उभी राहून नखाने काढायचे! मग चिमट्यात एक केस धरला, मुळापाशी गोल गोल फिरवला आणि उपटला, काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली. लांबुळके, पारदर्शक, पुढच्या बाजूला आखूड आखूड पाय आणि मागे नुसती शेपटी. एका केसाला तीन. आणि हलत होते हो!

नाव डेमोडेक्स. उवा नाहीत, कीटकही नाहीत, आठ पायांचे, म्हणजे कोळी आणि गोचीड यांच्या खानदानातले. माणसाच्या अंगावर यांच्या दोन जाती राहतात, डेमोडेक्स फॉलिक्युलोरम केसाच्या मुळाशी, लांबी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आणि डेमोडेक्स ब्रेव्हिस त्याहून आखूड, तो पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींत घुसून बसतो. उजेड त्यांना सोसत नाही, दिवसा आत दडी मारतात आणि रात्री बाहेर येऊन जोड्या जमवतात. माझी रात्रीची खाज म्हणजे त्यांची लग्नसराई होती तर. ऐकल्यावर मला घाण वाटली, मी रोज तोंड धुणारी बाई, मला कसे किडे? तर मॅडम म्हणाल्या, "अहो, थोडेफार बहुतेक मोठ्या माणसांना असतात, वय वाढतं तसं जास्तच. संख्या वाढली की त्रास देतात. याचा स्वच्छतेशी एवढा संबंध नाही." माझ्या गालांवर आणि नाकावर लाली असते ती रोझेशिया आहे हेही त्याच दिवशी कळलं, आणि रोझेशियावाल्यांना हे जास्त सापडतात.

उपचार आधी साधेच. गरम शेक, टी ट्री ऑइलमधला टर्पिनेन-४-ओल असलेल्या वाइप्सने रोज रात्री पापण्यांच्या कडा पुसायच्या, आयलायनर मस्कारा बंद, उशीची खोळ गरम पाण्यात धुवायची. (बाटलीतलं नुसतं टी ट्री ऑइल पापणीला लावायचं नाही, डोळा भाजतो. मॅडमनी दोनदा बजावलं, म्हणजे कोणीतरी लावून आलेलं असणार.) खास या किड्यांवरचे लोटिलॅनरचे थेंब अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये मंजूर झालेत, सहा आठवडे दिवसातून दोनदा घालायचे, त्याबद्दलही बोलणं झालं. पण माझी अडचण दुहेरी होती, किडे तर होतेच, शिवाय तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या, त्यामुळे डोळे कोरडे. म्हणून त्या म्हणाल्या आयपीएल करून बघू. मी म्हटलं क्रिकेट? तर इंटेन्स पल्स्ड लाइट.

आता हे नीट सांगते, कारण मी लेझर समजून घाबरले होते. लेझर नाही, झेनॉन दिव्याचा झगझगीत फ्लॅश असतो, फिल्टर लावून पाहिजे तेवढाच प्रकाश कातडीवर सोडतात. मुळात ही मशीन चेहऱ्याच्या लालीसाठी वापरायचे. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत डॉ. रोलांडो टोयोस या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की लालीसाठी फ्लॅश घेतलेल्या पेशंटचे कोरडे डोळेपण सुधारताहेत, तिथून हे डोळ्यांकडे आलं. सुजलेल्या पापणीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या तो प्रकाश शोषून घेतात, तापतात आणि बंद होतात, त्यामुळे सूज ओसरायला मदत होते, उष्णतेने घट्ट झालेलं तेल सैल पडतं, आणि किड्यांनाही ती उष्णता मानवत नाही. मॅडमनी एक गोष्ट न लपवता सांगितली ती मला आवडली, की अमेरिकेत २०२१ साली याला मंजुरी मिळाली ती ग्रंथी बिघडून होणाऱ्या कोरड्या डोळ्यांसाठी, किडे मारायचं मशीन म्हणून नाही. "हे करून वाइप्स सोडणार असाल तर करूच नका" असंही म्हणाल्या. मी मान डोलावली. डोलावली फक्त.

पहिल्या सिटिंगआधी कातडीचा रंग बघितला. फिट्झपॅट्रिक नावाची एक ते सहाची पट्टी असते, मी चार. रंग जितका गडद तितकं मेलॅनिन जास्त, आणि तेही हा प्रकाश शोषतं, मग भाजून डाग पडू शकतात, म्हणून पाच-सहावाल्यांना शक्यतो करत नाहीत आणि चारवाल्यांना जपून, कमी ताकदीवर. हे आपल्या सावळ्या लोकांनी आधी विचारायलाच पाहिजे! कोणी न विचारता थेट खुर्चीत बसवत असेल तर उठून यावं. माझ्या कानापुढे एक फ्लॅश मारून थांबले, काही झालं नाही तेव्हा पुढचं. चालू असलेली सगळी औषधं विचारली, काही गोळ्यांनी कातडी प्रकाशाला हळवी होते. उन्हात रापून यायचं नाही, सनस्क्रीन रोज. गालावरच्या तिळावर पांढरी पट्टी चिकटवली.

डोळ्यांवर अपारदर्शक ढाली चिकटवल्या, एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत थंडगार जेल थापलं. "आता येतोय हं." ढालीआडूनसुद्धा डोळ्यात नारिंगी उजेड भरला आणि गालावर रबरबँड सोडल्यासारखा चटका. पुढच्याला मी खुर्चीचा हात घट्ट धरला, पाचव्याला सोडला. कानाजवळ आलं तेव्हा लव जळल्याचा वास, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन फेऱ्या, पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं.

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा, मुख्य काम राहिलंय." बधिर करायचे थेंब घालून चपट्या चिमट्याने पापणी दोन्हीकडून दाबायची, ग्रंथीतलं साचलेलं तेल बाहेर काढायला. प्रकाश परवडला पण हे नको! डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. स्क्रीनवर बघितलं तर पापणीच्या कडेतून टूथपेस्टसारखी पिवळट शेवई निघत होती. खरं तिथून पातळ, स्वच्छ तेल यायला पाहिजे म्हणे.

अशी चार सिटिंग, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. पहिल्यानंतर काही म्हणजे काही फरक नाही, उलट दिवसभर गाल लाल, आमचे हे म्हणाले "पैसे देऊन चटके खाल्लेस". दुसऱ्यानंतर एका सकाळी लक्षात आलं की रात्री खाजेने उठलेच नाही. तिसरं झालं आणि मी शेफारले. प्रवासात होते, वाइप्स बॅगेत तशाच, दहा-बारा दिवस पुसलंच नाही. चौथ्याला मॅडम म्हणाल्या खाली बघा, आणि परत तेच "हं". कॉलर परत आलेल्या, सगळ्या केसांना नाही पण बऱ्याच. म्हणाल्या, "या किड्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, तेवढ्यात अंडी घालून मोकळे. तुम्ही त्यांना सुट्टी दिलीत." मला शाळेत गृहपाठ न केल्यासारखं झालं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यानंतर मात्र दोन महिने एक रात्र चुकवली नाही. चूळ भरली की पापणी, असा क्रमच लावून घेतला, केसांच्या मुळाशी आडवं पुसायचं, नुसतं वरून फिरवायचं नाही. तपासणीला गेले तेव्हा परत केस उपटले. यावेळी दोन काचा रिकाम्या, तिसरीवर एकटाच एक, पाय हलवत. मी म्हटलं, "मॅडम, हा राहिला की." त्या काच पुसत म्हणाल्या, "एखादा असायचाच. सहा महिन्यांनी या."