ओमोनी, वर बघा

सोलमध्ये एका अनोळखी मुलीने माझी हनुवटी चिमटीत धरली आणि सव्वा तास सोडली नाही. ब्रश बदलायला सोडायची तेवढीच. पुन्हा हात यायचा, अंगठा हनुवटीखाली, करंगळी गालावर टेकलेली, बर्फासारखी गार. मुलगी पंचवीस-सव्विसची असेल. मी एकोणसाठ.

बेत अर्थातच लेकीचा होता. लॉकडाऊनमध्ये ती कोरियन मालिका बघायला लागली आणि भाजी निवडता निवडता मीही लागले. त्यातली मुलं बापाला 'आप्पा' म्हणून हाक मारतात हे ऐकल्यावर मला तो देश अगदीच परका वाटेना. आमच्या सासऱ्यांना अख्खी आळी आप्पाच म्हणायची. मग नोव्हेंबरात खरोखरच गेलो, मी, नवरा आणि लेक. रस्त्यांवर गिंकोची झाडं पिवळीधमक झाली होती. (फोटोत अप्रतिम दिसतात. खाली पडलेल्या फळांचा वास फोटोत येत नाही हे बरं.) चौथ्या दिवशी लेकीने जाहीर केलं, "आई, उद्या सकाळी तुझा मेकओव्हर आणि फोटोशूट. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं होतं. ती मला ओळखून आहे.

तिने स्वतः आदल्याच दिवशी पर्सनल कलरची तपासणी करून घेतली होती. आरशासमोर बसवून गळ्याखाली एकामागून एक रंगीत फडकी धरतात आणि तुम्ही वसंत, ग्रीष्म, शरद की हिवाळा ते सांगतात. लेक शरद निघाली. लक्ष्मी रोडवरचा साडीवाला खांद्यावर पदर टाकून "वहिनी, हा रंग तुम्हाला खुलतो बघा" एवढं फुकटात सांगतो, वर चहा पाजतो, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली की साडीवाल्याला सगळेच रंग सगळ्यांना खुलताना दिसतात. बरोबर आहे तिचं.

तर आनगुक स्टेशनजवळ, तिसऱ्या मजल्यावर, बल्बांची चौकट असलेल्या आरशासमोर मी बसले. मुलीने वाकून नमस्कार केला, माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि कापसाचा बोळा कपाळाजवळ आणून थांबली. भुवयांच्या मध्ये बोट दाखवलं. टिकली. मी टिकली काढली.

टिकलीखाली पांढुरका ठिपका आहे. आई मेण लावून त्यावर कुंकू टेकायची, तेव्हा नव्हता. माझी पिढी गोंदाच्या टिकल्यांवर आली आणि हा आला. त्या गोंदातल्या रसायनाने कातडीचा रंग उडतो, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगून झालंय. मी महिनाभर कुंकू लावलं, मग पुन्हा टिकली. ठिपका असतो टिकलीखालीच, बघतंय कोण? त्या मुलीने पाहिला. काही बोलली नाही, एका टोकदार ब्रशने त्यावर थेंबभर रंग ठेवला आणि अनामिकेने टिपून टिपून जिरवला. नेमकं कुंकू लावायचं बोट.

आमचं बोलणं तिच्या फोनमार्फत चाललं होतं. ती कोरियनमध्ये काही पुटपुटायची आणि फोन मराठीत खणखणीत आवाजात सांगायचा, "माता, कृपया आकाशाकडे पाहा." तिथे मोठ्या बायकांना 'ओमोनी' म्हणतात, म्हणजे आईच. फोनने तिची माता केली. मी आकाशाकडे, म्हणजे एसीच्या जाळीकडे, बघत बसायची. दहा मिनिटांनी फोनची गरज संपली. हनुवटी जिकडे वळेल तिकडे मान न्यायची, एवढंच.

रंगाची मात्र पंचाईत होती. कोरियन फाउंडेशनवर आकडे असतात. २१ म्हणजे गोरी, २३ म्हणजे तिच्याहून जरा गडद, आणि वर्षानुवर्षं तिथला बहुतेक बाजार या दोन आकड्यांत आटोपत आलाय. आता परदेशी गिऱ्हाइकं वाढल्यावर पुढचे आकडे निघायला लागलेत. तिने २३ ची रेघ माझ्या जबड्यावर ओढली. चुन्याचं बोट पुसल्यासारखी दिसली. आम्ही दोघींनी आरशात ती रेघ बघितली, मग एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच हसलो. मग तिने खालचा खण उघडला. स्टीलच्या छोट्या पट्टीवर तीन-चार कुप्यांतले थेंब घेतले आणि कालवत बसली. यातलं थोडं, त्यातलं किंचित, पुन्हा पहिल्यातलं चिमूटभर, मिसळणाच्या डब्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईसारखी. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा रेघ जबड्यात विरून गेली आणि ती स्वतःशीच "ओ!" म्हणाली.

माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी माहितीपत्रकात 'निमगोरी' लिहिलं होतं. नीम म्हणजे अर्धी. अर्धीसुद्धा नव्हते, पण 'सावळी' लिहायला बाबांचा हात धजला नाही. नंतर शेजारच्या काकांनी 'गव्हाळ' सुचवलं. गव्हातही किती जाती असतात, त्यामुळे खोटं ठरायचा प्रश्न नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तिथे तीन कुप्या लागल्या त्या या रंगाला.

फाउंडेशन पातळ पत्र्याच्या उलथन्याने लावतात, पोळीला तूप पसरावं तसं. शेवटी कुशन. ही डबी मला फार आवडली. ओल्या स्पंजमध्ये रंग मुरवलेला, त्यावर गादी दाबायची आणि तोंडावर टपटप मारायची. ही युक्ती कोरियातच निघाली. २००८ मध्ये अमोरेपॅसिफिक कंपनीने ती बाजारात आणली आणि कल्पना सुचली ती पार्किंगच्या पावतीवर मारायच्या शिक्क्याच्या पॅडवरून. हे लेकीने मागून सांगितलं तेव्हा मला उगाच भरून आलं. तेहतीस वर्षं मी बँकेत शाईच्या पॅडवर शिक्के दाबले. आता माझ्याच गालावर पडत होते.

पापण्यांचं तंत्र तर बघण्यासारखं. तिने लाकडाची एक बारीक काडी घेतली, लायटरवर धरली, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली आणि माझ्या पापण्या खालून वर उचलून धरल्या. ऊब लागते, चटका नाही. मग चिमट्याने खोट्या पापण्यांचे झुबके एकेक करून चिकटवले. काजळ मी घालते ते तिने सुरुवातीलाच पुसून टाकलं होतं. आता डोळ्यांखालच्या फुगवट्याची पाळी आली. या फुगवट्यावर मी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, काकडी ठेवली, थंड चमचे ठेवले. ती मुलगी त्याखाली तपकिरी सावली काढून वर चमकी लावत होती, फुगवटा आणखी उठून दिसावा म्हणून! त्याला एग्योसाल म्हणतात. एग्यो म्हणजे लाडिकपणा, साल म्हणजे मांस. हा असला की चेहरा हसरा आणि कोवळा दिसतो म्हणे. नसेल तर मुली इंजेक्शनने भरून घेतात. माझ्याकडे निसर्गदत्त दोन पिशव्या होत्या आणि मी आयुष्यभर बटाटे वाया घालवले.

ओठ मध्ये गडद आणि कडेला फिके, भांडंभर करवंदं खाऊन अर्धवट तोंड पुसल्यासारखे.

एवढा वेळ कोणी माझा चेहरा हातात धरल्याला किती वर्षं झाली याचा मी बसल्या बसल्या हिशोब केला. दाताचे डॉक्टर सोडून. आई शाळेच्या वेण्या घालायची तेव्हा भांग पाडताना हनुवटी अशीच धरायची, जरा जोरात, कारण मी वळवळायची. लग्नात हळदीला बायकांनी गाल रगडले ते पाच-पाच सेकंद प्रत्येकी. एरवी तोंडाला लागतो तो आपलाच हात. घाईघाईत.

सांगलीला १९८७ मध्ये 'दाखवायचा' फोटो काढला होता. कृष्णधवल, पोस्टकार्ड साइज, मागे रंगवलेली बाग आणि प्लॅस्टरचा खांब. वहिनीने दिलेली पावडर कानापर्यंत. बाबा दाराशी छत्री घेऊन उभे. स्टुडिओवाल्याला माझी हनुवटी किंचित खाली आणि डावीकडे हवी होती, पण बाबांच्या देखत हात कसा लावणार? तो चार फुटांवरून हवेतच दोन बोटांनी एक अदृश्य हनुवटी वळवत राहिला. "ताई, अशी. नाही, अशी." मला कळेना. शेवटी फोटोत मी कोणीतरी चिमटा काढल्यासारखी दिसतेय. गालावरच्या पुटकुळ्या त्याने निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक टिचक्या मारून घालवल्या, त्याचे पाच रुपये वेगळे. तिसऱ्या स्थळाला पसंत पडले.

कोरियात हा फोटो नोकरीसाठी लागत आलाय. अर्जावर उत्तम फोटो लावायची तिथे इतकी रीत, की त्यासाठी खास स्टुडिओ, भाड्याने कोट, केस-मेकअप, सगळी सोय. २०१७ मध्ये सरकारी संस्थांच्या भरतीतून फोटो काढून टाकला गेला, पण स्टुडिओंचा धंदा काही बसला नाही. आपल्याकडे स्थळांना पत्रिकेसोबत जायचा तो फोटो, तिकडे साहेबांना जातो.

मेकअप झाल्यावर खालच्या मजल्यावर हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख. वर आखूड जोगोरी, खाली छिमा नावाचा घेरदार परकर. आणि हा परकर कमरेवर नाही, छातीवर बांधतात! पोटाचा विषयच संपला. शिवणाऱ्याला साष्टांग नमस्कार. दुकानातल्या बाईंनी मागून नाड्या आवळल्या त्या थेट नऊवारी नेसवणाऱ्या बाईंच्या थाटात, गुडघा लावायचा तेवढा बाकी ठेवला. लेकीने फिकट रंग काढून ठेवले होते, मी गर्द हिरवा उचलला. समोर गोरुमची गाठ, म्हणजे एकाच पाकळीचा बो, आणि फिती खाली लोंबत्या. माझ्या केसांची होती तेवढी वेणी घालून त्यात लाल रिबीन गुंफली.

नवरा खाली कॉफी घेऊन बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पोटात काही गेलंय का तुझ्या?"

हानबोक घालून गेलं की ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं तिकीट माफ असतं. एरवी ३००० वॉन, म्हणजे आपले पावणेदोनशेच्या आसपास. नवऱ्याने हानबोक घालायला साफ नकार दिला होता, त्यामुळे आमच्यात तिकीट काढणारा तो एकटाच. आत निम्मी गर्दी आमच्यासारखीच भाड्याच्या घेरात. राजवाडा १३९५ चा, १५९२ मध्ये जपानी स्वारीच्या वेळी जळला, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला, मग जपानी राजवटीत बहुतेक पाडला गेला आणि १९९० पासून पुन्हा एकेक दालन बांधत आणलाय. छपराखालचे हिरवे-लाल रंग ताजे करकरीत. म्हणजे पार्श्वभूमीही नटूनथटून बसली होती. मला त्याने जरा धीर आला.

फोटोग्राफर पोरगेलासा. दगडी पायऱ्यांवर बसवून घेर स्वतः पसरून द्यायचा आणि दहा पावलं मागे जाऊन ओरडायचा, "हाना, दुल, सेत!" एक, दोन, तीन. 'सेत'ला मी प्रत्येक वेळी डोळे मिटले. पापण्या जड झाल्या होत्या. त्यालाही हनुवटी खाली हवी होती. तो पुढे आला, "सॉरी, ओमोनी" म्हणाला आणि एका बोटाने वळवून गेला. अर्ध्या सेकंदाचं काम.

दुपारी फोटोंची डागडुजी. मोठ्या पडद्यासमोर आपल्यालाच शेजारी बसवतात आणि विचारत विचारत दुरुस्त करतात. जबडा थोडा आत? चालेल. मान? चालेल. कुड्यांच्या वजनाने माझी कानाची भोकं ओघळून फटी झाल्यात. सोनार दहा वर्षं सांगतोय, पाळी शिवून घ्या, आणि मी दहा वर्षं सुईला भितेय. या बाईने दोन टिचक्यांत शिवली. मी अजिबात अडवलं नाही. सुरकुत्यांचा अभिमान वगैरे बाळगणाऱ्या बायका असतात, मला तो नाही. पडद्यावर जी बाई आली ती मला आवडली, खोटं का बोलू? साधारण माझ्या धाकट्या मावशीसारखी, ती एखाद्या मंत्र्याच्या घरी पडली असती तर.

"उंची वाढवता येते का विचार," नवरा मागून म्हणाला.

रात्री हॉटेलवर सांगलीच्या ताईला व्हिडिओ कॉल लावला. मेकअप उतरवायचा म्हणजे आधी तेल, मग फेस, अशी दोन आवर्तनं लेकीने समजावून सांगितली होती, पण ताईने बघितल्याशिवाय मी धुणार नव्हते. ताईने चष्मा लावला, फोन जवळ नेला, लांब नेला.

"चांगली दिसतेयस. टिकली कुठंय?"

काढली, म्हटलं, मेकअपला. आणि बोलता बोलताच आठवलं. काढली, आणि हाताने सवयीने जे करायचं ते केलं होतं. घरी न्हाणीघराच्या आरशावर माझ्या चार-पाच टिकल्या कायम असतात. नवरा त्यांच्यामधल्या जागेत बघून दाढी करतो.

"त्यांच्या आरशावर चिकटवलीस?" लेक ओरडली. "आई, त्यांना वाटेल काय? थांब, मेसेज करते." तिने टाइप केलं, कोरियन करून घेतलं आणि खात्रीसाठी उलटं मराठीत आणून पाहिलं. 'आईचा ठिपका तुमच्या आरशात राहिला आहे.'

"नको पाठवूस," मी म्हटलं. "राहू दे. पाकिटात अजून अकरा आहेत."