जुन्या टीव्हीसाठी स्वस्त डीव्हीडी प्लेअर: आधी टीव्हीची पाठ बघा

प्लेअरच्या खोक्यावर काय छापलंय ते नंतर वाचा. आधी टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि बॅटरीच्या उजेडात मागची बाजू नीट बघा. पुढच्या झाकणाखाली आणि बाजूलाही बघा, कारण अनेक पिक्चर ट्यूबच्या टीव्हींना एव्हीची, म्हणजे चित्र-आवाजाची सॉकेट तिथेच असतात. कोणता प्लेअर चालेल आणि कोणता परत करावा लागेल, हे या सॉकेटवरच ठरतं.

बहुतेक ठिकाणी पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन सॉकेट दिसतील. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्यातून डावा आवाज आणि लालमधून उजवा. अशा टीव्हीला प्लेअरच्या मागेही हीच तीन सॉकेट हवीत. हे लिहावं लागतं, कारण हल्लीच्या बऱ्याच छोट्या, हलक्या प्लेअरना मागे फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींचं डिजिटल सॉकेट असतं. खोक्यावर ‘एव्ही आउट’ किंवा ‘कॉम्पोझिट’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही प्लेअरमध्ये जागा वाचवायला तीन सॉकेटऐवजी हेडफोनसारखं एकच ३.५ मिलिमीटरचं भोक असतं आणि त्यातून तीन शेपट्यांची केबल निघते. ही केबल प्लेअरसोबत आलेलीच वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबलमध्ये चार कड्यांचा क्रम वेगळा असतो. क्रम चुकला की पडदा काळा राहतो आणि एका स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते, कारण चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेवर गेलेला असतो. पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून बघा. त्याने जमलं नाही तर त्या केबलमध्ये अर्थिंगची कडीच वेगळ्या जागी आहे, ती बाजूला ठेवा.

एचडीएमआय असलेला प्लेअर आधीच घरात असेल, तर एचडीएमआयचं रूपांतर एव्हीमध्ये करणारा छोटा डबा मिळतो. मात्र एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली नुसती केबल या कामाची नाही. एचडीएमआयमधला सिग्नल डिजिटल असतो, तो तार जोडून ॲनालॉग होत नाही. मध्ये वीज लागणारं सर्किट हवंच. डबा घेताना बाण बघा: ‘एचडीएमआय टू एव्ही’ हवा, ‘एव्ही टू एचडीएमआय’ नको. दोन्ही दिसायला सारखेच असतात. डब्याला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात, आणि त्याच्या बाजूला असलेलं पाल-एनटीएससीचं (या टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती) बटण टीव्हीप्रमाणे ठेवावं लागतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयचं रिझोल्यूशन सगळ्यात कमी, म्हणजे ४८०पी किंवा ५७६पी ठेवा. ७२०पी किंवा १०८०पी ठेवलं तर चित्र आधी फुगवलं जातं, मग पुन्हा आवळलं जातं, आणि रुंद पडद्याची चौकट जुन्या चौकोनात कोंबल्यामुळे माणसं उंच-किडकिडीत दिसतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ एव्ही आउट असलेला प्लेअर घेणं कधीही बरं.

याच कारणासाठी ‘अपस्केलिंग’ (कमी ठिपक्यांचं चित्र जास्त ठिपक्यांचं करणं) या शब्दाला भुलू नका. डीव्हीडीवरचं चित्र पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आणि एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० ठिपक्यांचं असतं, आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही याच मापाच्या सिग्नलसाठी बनलेला आहे. अपस्केलिंग होतं ते एचडीएमआयच्या वाटेवर. पिवळ्या पिनेतून त्याचा एक कणही टीव्हीपर्यंत येत नाही.

टीव्हीला पिवळ्याच्या जोडीला चार बारीक पिनांचं गोल, काळं सॉकेट असेल तर ते एस-व्हिडिओ. प्लेअरलाही ते असेल तर जरूर वापरा. पिवळ्या तारेत उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात. ते नीट जमत नाही, म्हणून लाल अक्षरांच्या कडेने ठिपके सरकताना दिसतात आणि बारीक रेघांच्या कापडावर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळ्या तारांतून जातात, त्यामुळे हा त्रास निघून जातो. आवाजासाठी मात्र पांढरी-लाल जोडी लावावीच लागते. हिरवं, निळं आणि लाल अशी चित्राची तीन सॉकेट असतील तर ते कॉम्पोनंट. ते आणखी चांगलं, पण तिथे एक सापळा आहे. या वाटेने प्लेअर ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’ (सगळ्या ओळी एकदम) चित्रही पाठवू शकतो आणि बहुतेक जुने टीव्ही फक्त ‘इंटरलेस्ड’ (एकाआड एक ओळी) चित्रच घेतात. प्रोग्रेसिव्ह चालू झालं की पडद्यावर फाटलेल्या, तिरक्या पट्ट्या येतात किंवा काहीच येत नाही, आणि मेन्यूही दिसत नाही. काही प्लेअरमध्ये प्रोग्रेसिव्ह निवडल्यावर पिवळी पिन गप्पच बसते. अशा वेळी डिस्क काढा, रिमोटवरचं ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्ही-मोड’ नावाचं बटण एकदा दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग पुन्हा दाबा. चित्र कुठल्या तरी टप्प्यावर परत येतं. भराभर दाबलं तर बरोबर टप्पा ओलांडून जातो आणि कळतही नाही.

आता सगळ्यात जुने टीव्ही: ज्यांना मागे फक्त अँटेनाचं भोक आहे. डीव्हीडी प्लेअरला सहसा अँटेना आउट नसतं, म्हणून मध्ये आरएफ मॉड्युलेटर हवा. तो पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून आलेलं घेतो आणि टीव्हीच्या एखाद्या चॅनलवर प्रक्षेपण असल्यासारखं पाठवतो. टीव्हीवर रिकामं चॅनल निवडून ट्यूनिंग करायचं, बस. फक्त मॉड्युलेटर तुमच्या टीव्हीच्या पद्धतीचा आहे ना हे विचारून घ्या. पाल बी/जी मध्ये आवाजाची लहर चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते, पाल आय मध्ये ६ वर. हे जुळलं नाही तर चित्र छान येतं आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. अनेक जण मॉड्युलेटरचे पैसे वाचवायला घरातल्या व्हीसीआरमधून जोडणी फिरवतात. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर ते चालून जातं, पण विकत घेतलेल्या बऱ्याच डिस्कवर मॅक्रोव्हिजन नावाचं कॉपी-संरक्षण असतं. ते व्हीसीआरच्या आपोआप सिग्नल सावरणाऱ्या सर्किटला गोंधळात टाकतं, आणि चित्र काही सेकंदांनी अंधारतं, मग भगभगीत होतं, पुन्हा अंधारतं. प्लेअर बिघडला नाही, वाट चुकली आहे.

अशा टीव्हीला आतून एव्ही सॉकेट बसवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अँटेनाचंच भोक असलेल्या अनेक जुन्या टीव्हींची चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या विजेला जोडलेली असते. अँटेनाच्या सॉकेटला आत वेगळं राखणारे कपॅसिटर असतात, उघड्यावर जोडलेल्या एव्ही सॉकेटला नसतात. म्हणजे प्लेअरच्या धातूच्या पत्र्यावर थेट मेन्सची वीज येऊ शकते. मॉड्युलेटर लावणं हाच सुरक्षित रस्ता आहे.

जोडणी झाली की प्लेअरच्या सेटअपमध्ये तीन गोष्टी लगेच बघायच्या. पहिली, टीव्ही सिस्टिम. टीव्ही पाल आणि एनटीएससी दोन्ही घेत असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ ठेवा, म्हणजे डिस्कवर आहे तसं चित्र येतं आणि हालचाल गुळगुळीत राहते. टीव्ही एकाच पद्धतीचा असेल तर तीच पक्की करा. चित्र स्थिर आहे पण कृष्णधवल आहे, तर टीव्हीला फक्त रंगाची पद्धत उमगलेली नाही. चित्र वर-खाली लोळतंय, तर सेकंदाला ५० (पाल) आणि ६० (एनटीएससी) फील्डचा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचा मेळ बसलेला नाही. काही स्वस्त प्लेअर ‘पाल’ निवडल्यावर एनटीएससी डिस्कचा फक्त रंग बदलतात आणि ६० फील्ड तशीच सोडतात. म्हणून खरेदी करताना दोन्ही पद्धतींची एकेक डिस्क आपल्याच टीव्हीवर चालवून बघावी.

दुसरी, पडद्याचं माप. ‘४:३ लेटरबॉक्स’ (वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र) ठेवा. ‘१६:९’ राहिलं तर चेहरे लांबुळके दिसतात. ‘पॅन-स्कॅन’ने वरखालच्या काळ्या पट्ट्या जाव्यात अशी अपेक्षा असते, पण डिस्कमध्ये त्याची परवानगी नसेल तर प्लेअर गुपचूप लेटरबॉक्सच दाखवतो. त्यात बिघाड शोधत बसू नका.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि इथे चांगले चांगले फसतात. संगीत येतं, पावलांचा आवाज येतो, पण संवाद दबलेले किंवा गायब. कारण बहुतेक वेळा एकच असतं: प्लेअरच्या स्पीकर सेटिंगमध्ये ५.१ (सहा स्पीकरची रचना) निवडलेलं आहे आणि संवाद मधल्या स्पीकरच्या सॉकेटकडे गेले आहेत, जिथे काहीच जोडलेलं नाही. ‘डाउनमिक्स’ किंवा ‘२ चॅनल स्टिरिओ’ निवडा, संवाद परत येतात. मागे सहा आवाजाची सॉकेट असलेल्या प्लेअरला ‘फ्रंट’ किंवा ‘मिक्स’ लिहिलेली जोडीच टीव्हीला जोडा. टीव्हीला आवाजाचं एकच सॉकेट असेल तर फक्त पांढरी पिन लावून उजवी बाजू हरवते. प्लेअरमध्ये ‘मोनो’चा पर्याय असेल तर तो वापरा. ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ हे पर्याय फक्त डिजिटल आवाजाच्या सॉकेटसाठी आहेत. जुन्या टीव्हीला त्यांचा संबंध नाही.

हे सगळं करायला रिमोट लागतो. स्वस्त प्लेअरच्या पुढच्या बाजूला ट्रे, प्ले आणि स्टॉप एवढीच बटणं असतात, त्यामुळे रिमोट नसेल तर सेटअपमध्ये शिरताच येत नाही. वापरलेला प्लेअर रिमोटशिवाय मिळत असेल, तर त्या मॉडेलचा रिमोट वेगळा मिळतो का हे आधी शोधा. माझ्या मते रिमोट नसलेला चांगला प्लेअर हा रिमोट असलेल्या साध्या प्लेअरपेक्षा कमी उपयोगाचा.

डिस्कचं म्हणाल तर छापील डीव्हीडी, डीव्हीडी-आर, डीव्हीडी+आर, व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी एवढं चालायला हवं. पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क कमी परावर्तन करतात, त्यामुळे थकलेला लेझर सर्वांत आधी त्यांच्यावर अडखळतो. रेकॉर्डरवर बनवलेली डिस्क ‘फायनलाइज’ (रेकॉर्डिंग संपवून इतर प्लेअरसाठी तयार) केली नसेल तर दुसऱ्या प्लेअरला ती बहुधा रिकामी दिसते. रीजन कोड (डिस्क आणि प्लेअर कुठल्या भागातल्या देशांसाठी आहेत तो आकडा) विसरू नका: डिस्क एका रीजनची आणि प्लेअर दुसऱ्याचा असेल तर चित्र सुरूच होत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या डिस्क असतील तर सर्व रीजन चालवणारा प्लेअर मागा. यूएसबीचं भोक असेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा ठेवा. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. आणि मोबाइलवरचे एमपी४ किंवा एमकेव्ही चालतील अशी आशा नको, साध्या प्लेअरचं सर्किट मुख्यतः एमपेग आणि एक्सव्हिडच्या एव्हीआय फाइलींसाठीच असतं.

वापरलेला प्लेअर घेणं वाईट नाही. जुन्या, जड प्लेअरमध्ये एस-व्हिडिओ आणि कॉम्पोनंट सर्रास मिळतं. फक्त तपासणी नीट करा. सीडी वाजली म्हणजे लेझर चांगला, हे खरं नाही. सीडी ७८० नॅनोमीटरच्या किरणाने वाचली जाते आणि डीव्हीडी ६५० च्या. सहसा हे दोन वेगळे लेझर असतात आणि एक मेला तरी दुसरा चालू राहतो. म्हणून मोठ्या चित्रपटाची, दोन थरांची ८.५ जीबीची छापील डीव्हीडी सोबत न्या. ती सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटी चालवून बघा. अशा डिस्कचा पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा सहसा बाहेरून आत, आणि मधल्या थर-बदलाच्या जागी क्षणभर थबकणं चालतं, पण तिथे अडकून चौकोन उडायला लागले तर लेझर किंवा त्याची सरकपट्टी थकली आहे. त्यानंतर घरी रेकॉर्ड केलेली एक डीव्हीडी-आर लावा.

ट्रे कुरकुरत अर्धवट उघडत असेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. ही दुरुस्ती सोपी आणि स्वस्त. लाल दिवा लागतो पण प्लेअर चालू होत नाही, असं असेल तर पॉवर सप्लायच्या बोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर संशयाचे धनी. तेही बदलता येतात, पण बोर्डाला हात लावण्याआधी प्लग काढून काही मिनिटं थांबा, मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. डिस्क नुसती फिरते आणि ‘नो डिस्क’ येतं, तर आधी लेन्स पुसा: आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी किंचित ओलावा असलेली कापसाची काडी, दाब न देता, कारण लेन्स बारीक तारांवर तरंगती असते. पुसूनही जमलं नाही तर पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) बदलावा लागतो. नव्या पिकअपवर बरेचदा स्थिर विजेपासून बचावासाठी दोन टोकं जोडणारा सोल्डरचा छोटा ठिपका असतो. रिबन केबल बसवल्यावर तो काढायला विसरलात तर नवा पिकअपही एकही डिस्क वाचत नाही.